मानेची गादी बदलायची की मणके जोडून घ्यायचे, हे ठरवताना

सातवी ब मध्ये फळ्यावर जास्वंदीची आकृती काढत होते. पुंकेसरांना नाव द्यायला हात वर नेला आणि खडू पडला. उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पहिल्या बाकावरची मुलगी उठली, खडू उचलला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा, मी लिहिते." घरी आले, भाकरी थापायला घेतली, तर उजव्या अंगठ्याखाली पीठ आहे की परात, हेच कळेना.

मी सांगलीत माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सव्वीस वर्षं मान वर करून फळ्यावर लिहिलं आणि मान खाली घालून पेपर तपासले. माझ्या मानेतल्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली गादी झिजली होती. मला कृत्रिम गादी बसवून घ्यायची होती; प्रत्यक्षात झालं फ्युजन, म्हणजे ते दोन मणके जोडून टाकले. पुढच्याच वर्षी माझ्या धाकट्या जावेची सहाव्या-सातव्या मणक्यामधली गादी सरकली. तिला कृत्रिम गादी बसली. एकाच घरात दोन्ही ऑपरेशनं झाली म्हणून नात्यातले, शाळेतले, ओळखीच्यांच्या ओळखीचे एमआरआयची पिशवी घेऊन आमच्याकडे येतात आणि एकच विचारतात, "ह्यातलं चांगलं कुठलं?"

मीही हाच प्रश्न घेऊन दोन महिने हिंडले, आणि ते दोन महिने वाया गेले. कुठलं ऑपरेशन चांगलं ह्याचं उत्तर कंपनीच्या माहितीपत्रकात मिळत नाही. ते तुमच्या मानेच्या एक्स-रेमध्ये असतं. तो कुठला एक्स-रे, त्यात काय बघायचं, आणि त्याच्याही आधी काय पाहायचं, ते क्रमाने सांगते. मी डॉक्टर नाही. निर्णय तुमच्या सर्जनबरोबर बसूनच घ्यायचा आहे. पण बसताना हातात काय असावं, एवढं मला नक्की सांगता येईल.

आधी बघा, त्रास नेमका कुठला आहे

"मानेचा त्रास" ह्या एका नावाखाली तीन वेगळे आजार असतात, आणि ऑपरेशनचा उपयोग तिघांत वेगवेगळा आहे.

पहिला, नुसती मान दुखणं. मान आखडते, खांद्यापर्यंत ओढ लागते, हातात काही नाही. ह्याला दोन्हींपैकी कुठलंही ऑपरेशन खात्रीचं नाही. नुसत्या मानदुखीसाठी कुणी गादी बदलायला सांगत असेल तर उठा आणि दुसरं मत घ्या.

दुसरा, नस दबणं. गादी सरकते किंवा हाडाची टोकं वाढतात आणि हाताकडे जाणाऱ्या नसेवर दाब येतो. दुखणं मानेतून खांद्यावर, दंडातून खाली बोटांपर्यंत वीज गेल्यासारखं उतरतं. कुठल्या बोटाला मुंग्या येतात ते नीट लिहून ठेवा, कारण त्यावरून मजला कळतो, म्हणजे कुठल्या दोन मणक्यांमध्ये दाब आहे ते. पाचव्या-सहाव्या मणक्यात दाब असेल तर साधारणपणे अंगठा आणि तर्जनी बधिर होते, कोपर दुमडायची आणि मनगट वर उचलायची ताकद कमी होते. माझं तेच होतं. सहाव्या-सातव्यात असेल तर मधलं बोट, आणि कोपर सरळ करायची ताकद जाते. जाऊ पाटावरून उठताना डावा हात जमिनीला टेकायची आणि कोपर सटकन दुमडायचं. ती दोनदा तशी पडली. आणखी एक खूण: हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, कारण त्याने नसेवरचा ताण सैल होतो. स्टाफरूममध्ये मी मधल्या सुट्टीत उजवा हात डोक्यावर ठेवून बसायचे, आणि वर बघितलं की कळ उठायची.

तिसरा आजार मज्जारज्जूवर दाब येण्याचा, आणि तो ओळखायला सगळ्यात जास्त उशीर होतो, कारण त्यात दुखतच नाही अशीही माणसं असतात. हात अवघडतात. साडीच्या निऱ्या धरता येत नाहीत, शर्टाचं बटण लागत नाही, अक्षर बदलतं. चालताना पाय जड किंवा ताठ वाटतात, तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो, लघवीची घाई होते. घरी एक सोपी चाचणी करता येते. हात समोर धरा, मूठ पूर्ण मिटा आणि बोटं पूर्ण ताठ उघडा, असं १० सेकंदांत किती वेळा होतं ते कुणाला तरी मोजायला सांगा. निरोगी माणसाचं २० च्या आसपास किंवा त्याहून जास्त होतं. बरंच कमी भरलं, बोटं अडखळत उघडली, तर त्या आठवड्यातच मणक्याच्या सर्जनला भेटा. इथे वाट बघायची नसते. मज्जारज्जूचं नुकसान झालं की ऑपरेशन मुख्यतः ते वाढू देत नाही. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.

आणि हात जोडून एक विनंती. सलूनमध्ये किंवा मालिशवाल्याकडून मान कडाकडा मोडून घेऊ नका. आत नस किंवा मज्जारज्जू दबलेला असताना मारलेल्या त्या झटक्याने माणूस लुळा पडू शकतो.

थांबायचं किती

नस दबली असेल आणि ताकद झपाट्याने कमी होत नसेल, तर सहा ते बारा आठवडे थांबायचं. हे मी धीर द्यायला सांगत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावच्या ५६१ रुग्णांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याला ऑपरेशन लागलं, आणि शेवटच्या तपासणीच्या वेळी ९० टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. सरकलेल्या गादीचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, नसेची सूज उतरते.

ह्या काळात गोळ्या, फिजिओथेरपी, बसण्याची पद्धत बदलणं. नसेच्या गोळ्यांनी झापड येते, त्यामुळे त्या चालू असताना स्कूटर चालवू नका. मानेत नसेजवळ इंजेक्शन देतात, त्याने काहींना चांगला आराम पडतो. पण मानेतल्या इंजेक्शनाचे धोके कमरेतल्यापेक्षा जास्त असतात, म्हणून ते मशीनखाली बघून देणाऱ्या अनुभवी डॉक्टरकडूनच घ्या.

मी अकरा आठवडे थांबले. दुखणं निम्मं झालं, पण मनगटाची ताकद उतरतच राहिली. भरलेला तांब्या उचलला की मनगट खाली लोंबायचं. ताकद उतरत राहिली की थांबणं संपतं.

एमआरआयवर विसंबू नका, वाकवून काढलेला एक्स-रे मागा

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये चार-पाच ओळी वाचून माणूस हबकतो. "मल्टिलेव्हल डिस्क बल्ज" हे शब्द बघून मी रात्रभर झोपले नाही. जपानमध्ये मान अजिबात न दुखणाऱ्या १,२११ निरोगी लोकांचे एमआरआय काढले होते, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं, त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या. म्हणजे फुगलेली गादी दिसणं हा आजार नव्हे. रिपोर्टमधला मजला, बधिर झालेलं बोट आणि कमी झालेली ताकद, ह्या तिन्ही गोष्टी एकाच नसेकडे बोट दाखवत असतील तरच त्या मजल्यावर ऑपरेशनचा विचार करायचा.

पहिल्यांदा मी ज्या दवाखान्यात गेले तिथे दहा मिनिटांत निकाल लागला. एमआरआय पाहिला, "गादी बदलून टाकू, पंधरा दिवसांत फळ्यापाशी उभ्या राहाल," असं सांगितलं आणि काउंटरवर कॅशलेसचा फॉर्म भरायला पाठवलं. मला ऐकायचं होतं तेच त्यांनी सांगितलं, म्हणून मला आनंदच झाला. माझी मान वाकवून कुणी बघितली नव्हती.

दुसऱ्या मतासाठी मिरजेला गेले. तिथल्या सर्जननी आधी दोन एक्स-रे काढायला लावले: एक हनुवटी छातीला टेकवून, एक मान मागे टाकून. दोन्ही फिल्म शेजारी-शेजारी प्रकाशपेटीवर लावल्या आणि म्हणाले, "बाई, विज्ञान शिकवता ना? मग तुम्हीच सांगा ह्यात काय दिसतंय."

मणक्यांच्या मागच्या बाजूला काटे असतात, मानेच्या पाठीवर बोट फिरवलं की हाताला लागतात ते. मान पुढे वाकवली की हे काटे पंख्याच्या पात्यांसारखे एकमेकांपासून उघडतात, मागे टाकली की मिटतात. माझ्या फिल्ममध्ये तिसरा-चौथा उघडत होता, चौथा-पाचवा उघडत होता, सहावा-सातवाही उघडत होता. पाचव्या आणि सहाव्यामधलं अंतर मात्र दोन्ही चित्रांत जसंच्या तसं होतं. त्यांनी पट्टी लावून दाखवलं. गादीची उंची शेजारणीच्या निम्म्याहून कमी, पुढच्या बाजूला दोन्ही मणक्यांच्या ओठांतून हाडाच्या चोची एकमेकींकडे वाढलेल्या.

"हा सांधा कधीच हलायचा थांबलाय," ते म्हणाले. "कृत्रिम गादी हालचाल टिकवायला असते. जी हालचाल उरलीच नाही ती टिकवणार काय? आणि जबरदस्तीनं हलता केला तर मागचे झिजलेले छोटे सांधे दुखायला लागतील."

माझं उत्तर मला तिथे मिळालं. म्हणून सांगते, ऑपरेशनचं नाव काढण्यापूर्वी ह्या तपासण्या झाल्या आहेत की नाही ते बघा: पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे, हाडाच्या चोची आणि मागचे छोटे सांधे नीट दिसण्यासाठी गरज पडली तर सीटी स्कॅन, आणि पन्नाशीच्या आसपासच्या किंवा पाळी गेलेल्या बायकांसाठी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी. एमआरआय आणि लक्षणं जुळत नसतील तर नसांची ईएमजी-एनसीव्ही करतात; बधिर अंगठ्याचं मूळ कधी कधी मानेऐवजी मनगटात निघतं.

दोन्ही ऑपरेशनांत करतात काय

निम्मं ऑपरेशन दोन्हींत एकच आहे, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी भीती अर्धी झाली असती. गळ्याच्या पुढून, त्वचेच्या वळीत तीन-चार सेंटीमीटरचा छेद घेतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला सारतात, खराब गादी पूर्ण काढतात, नसेवरचा आणि मज्जारज्जूवरचा दाब मोकळा करतात. हाताचं दुखणं थांबतं ते ह्या मोकळं करण्याने. नंतर रिकाम्या जागेत काय बसवायचं, एवढाच दोन्हींतला फरक.

फ्युजनमध्ये त्या जागेत हाडाचा चुरा भरलेला एक छोटा पिंजरा बसवतात, त्याला केज म्हणतात. बहुतेक वेळा पुढून पातळ पट्टी आणि स्क्रूही. मग काही महिन्यांत दोन्ही मणक्यांचं हाड त्या पिंजऱ्यातून वाढून एकजीव होतं. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत स्मिथ, रॉबिन्सन आणि क्लोवर्ड ह्या सर्जननी रूढ केली. तेव्हा कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मानेत बसवायचे, आणि रुग्ण मानेपेक्षा कमरेच्या दुखण्याने हैराण व्हायचा. आता बहुतेकांना ते लागत नाही.

कृत्रिम गादीत दोन धातूच्या चकत्या वरच्या आणि खालच्या मणक्याला बसतात आणि त्यांच्यामध्ये सरकणारा भाग असतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे १९९० च्या सुमारास ज्या गादीवर काम सुरू झालं, तिच्याच वंशातल्या गादीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली पहिली मान्यता दिली. दोन शेजारच्या मजल्यांवर बसवायला तिथे २०१३ साली मान्यता मिळाली.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावी. फ्युजनमध्ये हाड यायलाच हवं, आणि कृत्रिम गादीभोवती हाड येता कामा नये. म्हणून नंतरची पथ्यं उलटी असतात. सूज उतरवणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्या हाड येण्याला अडथळा करू शकतात. त्यामुळे फ्युजननंतर पुष्कळ सर्जन त्या टाळायला सांगतात, आणि गादी बसवल्यावर काही सर्जन त्याच गोळ्या मुद्दाम दोन आठवडे देतात. जावेच्या उरलेल्या गोळ्या मी डोकं दुखतंय म्हणून घ्यायला निघाले होते. तिनेच पाकीट हातातून काढून घेतलं.

मान वळेल का, आणि शेजारच्या गादीचं काय

मणके जोडले की मान लाकडासारखी होईल ही भीती मला सगळ्यात जास्त होती. डोकं उजवी-डावीकडे फिरवण्याची साधारण निम्मी हालचाल सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये होते, आणि तिथे हे ऑपरेशन होत नाही. एक मजला जोडल्याने जी हालचाल जाते ती रोजच्या कामात बहुतेकांना जाणवतही नाही. रस्ता ओलांडताना मला आज ऑपरेशनपूर्वीपेक्षा जास्त मागे बघता येतं, कारण तेव्हा दुखण्यामुळे मान अडायची. तीन-चार मजले जोडले तर गोष्ट वेगळी.

दुसरी भीती खरी आहे, पण ती नीट समजून घ्या. जोडलेल्या मणक्याच्या वरच्या-खालच्या गादीवर ताण वाढतो आणि पुढे ती खराब होते, असं सांगतात. अमेरिकेतल्या हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा अभ्यास ह्या बाबतीत नेहमी समोर येतो: ३७४ रुग्णांमध्ये दर वर्षी साधारण २.९ टक्के लोकांना शेजारच्या मजल्याचा नवा त्रास सुरू झाला, आणि १० वर्षांत सुमारे चौथ्या हिश्श्याला तो होईल असा अंदाज निघाला. हा आकडा दाखवून कृत्रिम गादी सुचवली जाते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ज्यांचे एकाहून जास्त मजले जोडले होते त्यांना शेजारचा त्रास कमी झाला. दोष सगळा जोडण्याचाच असता तर उलटं दिसायला हवं होतं. पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा हे मजले मुळातच लवकर झिजतात; शेजारी असले की त्यांची पाळी येतेच.

मग कृत्रिम गादीने पुढचं ऑपरेशन टळतं का? अमेरिकेतल्या मान्यतेसाठीच्या मोठ्या चाचण्यांत, सात-दहा वर्षांच्या पाठपुराव्यात, गादीवाल्यांना पुन्हा ऑपरेशन कमी लागलं, दोन मजल्यांच्या बाबतीत हे जास्त स्पष्ट दिसतं. त्या चाचण्यांना पैसा बहुतेक गादी बनवणाऱ्या कंपन्यांचा होता, आणि कुणाला काय बसवलंय हे सर्जनला माहीत होतं. नॉर्वे आणि नेदरलँड्समधल्या चाचण्यांत दोन वर्षांनी दुखणं आणि रोजची कामं ह्यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हे सगळं वाचून माझं मत असं झालं: हाताचं दुखणं थांबवण्यात दोन्ही सारखी आहेत. वय कमी असेल, सांधा अजून हलता असेल, तर गादीचा लांबचा फायदा मिळण्याची शक्यता बरी आहे. सांधा थिजलेला असेल तर त्या फायद्यासाठी धोका पत्करू नये.

गादी कुणाला बसत नाही

माझ्यासारखा न हलणारा, उंची गेलेला मजला. मागचे छोटे सांधे झिजलेले. हाडं ठिसूळ झालेली, कारण ठिसूळ हाडात चकती रुतते. मणका मणक्यावरून सरकत असेल, मान पुढे कमानीसारखी उलटी वळलेली असेल, मणक्यामागचा पट्टा हाडासारखा कडक झाला असेल, सगळा कणा ताठ करणारा संधिवात असेल, कुठे जंतुसंसर्ग असेल, किंवा त्या धातूची ॲलर्जी असेल, तरी नाही. खोटे दागिने घातल्यावर कानाला पुरळ उठत असेल तर ते आवर्जून सांगा.

जावेचं ह्यातलं एकही कलम नव्हतं. वय अडतीस, गादीची उंची जवळजवळ पूर्ण, मऊ तुकडा मागे सरकलेला, वाकवलेल्या एक्स-रेत काटे छान उघडत होते. त्याच सर्जननी तिला गादीच सुचवली. मला थोडं लागलं, हे लपवत नाही. पण दोघींच्या फिल्म शेजारी धरल्यावर शाळेतल्या मुलालाही फरक कळला असता.

तिसरा रस्ताही विचारून बघा. तुकडा अगदी बाजूला, नसेच्या वाटेत असेल तर मानेच्या मागून छोटं छिद्र करून नस मोकळी करता येते. त्यात गादीही नाही आणि जोडणंही नाही. मज्जारज्जूवर अनेक मजल्यांवर दाब असेल तर मागून जागा मोठी करण्याचं ऑपरेशन असतं. सगळ्यांना चालत नाही, पण विचारायला हवं.

सर्जनसमोर बसताना

प्रश्न वहीत लिहून न्या आणि बरोबर कुणीतरी असू द्या. आपण एकटे असलो की निम्मं ऐकूच येत नाही. मी जे विचारले आणि आज जे विचारले असते ते असे:

- माझ्या एक्स-रेत हा मजला हलतो का? दाखवाल?
- आणखी सहा आठवडे थांबले तर काय बिघडेल?
- तुम्ही दोन्ही ऑपरेशनं करता का, आणि मला हेच का?
- टेबलावर गेल्यावर गादी नीट बसली नाही तर काय कराल?
- धातू कुठला? पुढे मानेचा एमआरआय लागला तर चित्र येईल का?

चौथ्या प्रश्नाने जावेच्या वेळी उपयोग झाला. "नाही बसली तर केज घालून जोडू" ह्याला तिने आधीच शुद्धीवर असताना संमती दिली होती, घरच्यांवर बाहेर बसून ठरवायची वेळ येणार नव्हती. धातूचं कारण असं की टायटॅनियममध्ये पुढचे एमआरआय बऱ्यापैकी स्वच्छ येतात, कोबाल्ट-क्रोम किंवा स्टीलभोवती चित्र धुरकट होतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, थायरॉइडचं किंवा गळ्याचं आधीचं ऑपरेशन, हे सगळं सांगा. गळ्याचं आधी काही झालं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्यायला लावा. स्वरतंतूची नस श्वासनलिकेला चिकटूनच जाते. शिक्षिका, गायक, कीर्तनकार, कंडक्टर, ज्यांचं पोट आवाजावर आहे त्यांनी हे आधी बोलावं. माझा आवाज साडेतीन आठवडे घोगरा होता. मग आला.

आणि तंबाखू. आमच्या भागात बायका मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी "सिगारेट वगैरे?" विचारलं की "छे" म्हणतात. मिश्रीही तंबाखूच आहे. निकोटिनमुळे हाड जुळत नाही, फ्युजन फसण्याचं ते मोठं कारण आहे. ऑपरेशनच्या काही आठवडे आधी बंद करा आणि हाड जुळेपर्यंत हात लावू नका. सासूबाईंच्या मोठ्या बहिणीला हे सांगताना मला संकोच वाटला होता. सांगितलं ते बरं केलं.

पैशाचं

कृत्रिम गादीची किंमत केजपेक्षा बरीच जास्त असते. एकूण आकडा विचारू नका. इम्प्लांटचा, ऑपरेशनचा आणि खोलीचा खर्च वेगळा लिहून मागा. पुष्कळ आरोग्य पॉलिसींत मणक्याच्या गादीच्या आजाराला पहिली दोन वर्षं थांबावं लागतं, आणि काहींत इम्प्लांटच्या रकमेला मर्यादा असते. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेकडून, मंजुरीचं पत्र येताना त्यात इम्प्लांटचं नाव आहे का ते वाचा. बिलाबरोबर इम्प्लांटच्या वेष्टनावरचा स्टिकर चिकटवून घ्या. त्यावर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो. क्लेमला तो लागतो आणि दहा वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरलाही लागेल.

घरी आल्यावर

पहिले चोवीस तास दवाखान्यातच असता, तरी बरोबरच्या माणसाने एक गोष्ट जाणून घ्यावी: गळा झपाट्याने सुजायला लागला, श्वास अडखळला, तर बेल दाबून थांबायचं नाही, ओरडून नर्सला बोलवायचं. आत रक्त साचत असेल तर मिनिटं महत्त्वाची असतात.

गिळायला त्रास दोघींनाही झाला. तांदळाची पेज, मुगाची पातळ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, हे दोन आठवडे. हनुवटी किंचित खाली घेऊन छोटा घास गिळला की सोपं जातं. तीन-चार आठवड्यांनी कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर लगेच दाखवा.

गळ्याभोवतीचा पट्टा मला चार आठवडे होता, जावेला घरी आल्यावर लावायलाच सांगितलं नव्हतं. दोन्ही बरोबर, सर्जन सांगतील तेच खरं. तिला उलट हळूहळू मान हलवायला सांगितलं, मला जपायला. स्कूटर दोघींनाही सहा आठवडे बंद.

हाताची कळ त्याच संध्याकाळी गेली, खोटं वाटेल इतकी लख्ख. मनगटाची ताकद यायला तीन महिने लागले. अंगठ्याची बधिरता सगळ्यात शेवटी, सातव्या महिन्यात उतरली, आणि टोकाला अजून थोडी आहे. हाच क्रम बहुतेकांचा असतो: आधी दुखणं, मग ताकद, मग संवेदना. दुसऱ्या आठवड्यात अंगठा बधिर आहे म्हणून ऑपरेशन फसलं असं समजू नका.

एक्स-रे तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात. माझ्या वर्षाच्या फिल्ममध्ये पिंजऱ्यातून हाडाची सलग रेघ गेलेली दिसली, त्या दिवशी मी पुन्हा पूर्ण फळा लिहिला. जावेचा एक्स-रे वाकवूनच काढतात, गादी अजून कलते का आणि भोवती हाड चढतंय का ते बघायला. हाड चढलं तर गादी हळूहळू जुळून जाते, म्हणजे फ्युजनच होतं. बहुतेकदा दुखत नाही, पण कळलेलं बरं. तिची तीन वर्षांनंतरही कलते. पेपर तपासायला मी सुताराकडून उतरतं डेस्क करून घेतलंय, आणि फळ्यावर आता डोळ्यांच्या रेषेच्या वर लिहीत नाही; वरची ओळ वर्गातली उंच मुलं लिहितात.